टॉवेलांची भिंत

“हौद उद्या आरशासारखा दिसला पाहिजे बे! शेठाणीबाई हळदकुंकू वाहायला वाकल्या की तळात त्यांची नथ त्यांना दिसली पाहिजे!”

इरण्णा मास्तर हौदाच्या काठावर उभे राहून असे गरजले आणि हातातला खराटा त्यांनी माझ्याकडे फेकला. तो मला झेलता आला नाही. घडी खात्यातल्या बायका हसल्या.

“पंडिताला पुस्तक फेका मास्तर, बरोबर झेलतील,” गुरुबाई मावशी म्हणाली.

कारखान्यात मला सर्वजण पंडित म्हणत. वस्तुतः माझे शिक्षण सातवीपाशीच थांबले होते. परंतु सायंकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसण्याचा मला नाद होता, आणि वाचलेली वाक्ये स्थळकाळ न पाहता उच्चारण्याचाही. माझे खरे नाव मल्लिनाथ. काम ब्लीचिंगच्या हौदावर.

आमचा कारखाना सोलापूर शहराच्या कडेला होता. मागांवरून विणून आलेले टॉवेल अखंड ताग्यांच्या रूपात आमच्याकडे येत. ते मळकट पिवळे असत. मी हौदात ब्लीचिंग पावडर कालवीत असे आणि त्या पाण्यात बुडून तागे शुभ्र होत. मग ते धुऊन, वाळवून घडी खात्यात जात. तेथे बायका ते कापून, दुमडून त्यांचे गठ्ठे बांधीत. माझी पत्नी महानंदा त्याच खात्यात होती. आमच्या विवाहाला दीड वर्ष झाले होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्या शहरात माग थांबतात, यंत्रे थांबतात आणि ज्याच्या जिवावर आपण जेवतो त्या अवजाराला झेंडूची माळ पडते. विणकर मागाची पूजा करतो, सुतार रंध्याची. आम्ही हौदाची करीत असू. त्याकरिता आदल्या दिवशी हौद रिकामा करायचा, दिवसभर त्यातून स्वच्छ पाणी वाहू द्यायचे आणि मग नारळाच्या काथ्याने घासायचे, असा परिपाठ होता.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. नळाला चार दिवसांआड पाणी येई, तेही तासभर. टँकरवाल्याने सकाळी येतो म्हणून सांगितले होते आणि दुपार टळली तरी त्याचा पत्ता नव्हता. हौदाच्या तळाशी, विशेषतः पलीकडच्या कोपऱ्यात, वर्षभराच्या पावडरीचा गाळ बसून खडकासारखा घट्ट झाला होता.

“मास्तर, पाण्याशिवाय हे निघायचे नाही,” मी म्हणालो.

“पाणी काय तुझ्या पुस्तकातनं येणार हाय? त्या गोदामात ॲसिडचा कॅन पडलाय बघ, संडासाच्या फरश्या धुवायचा. आण तो. फरशीवरचे डाग जात्यात, तर हौदाचे जाणार न्हाईत व्हय?”

मला त्यात वावगे दिसले नाही. मास्तरांनाही दिसले नाही. त्यांचे आयुष्य ब्लीचिंगमध्ये गेले होते, आणि आम्हा दोघांनाही पावडर ठाऊक होती, ॲसिड ठाऊक होते. परंतु ती दोन्ही कधी एकत्र आलेली आम्ही पाहिली नव्हती. कॅनवर इंग्रजीत काही छापलेले होते. मी तो उचलून आणला.

“आता आत उतरून घासायला एक बारीक माणूस पाहिजे,” मास्तर बायकांकडे वळून म्हणाले. “पंडितीणबाई, या.”

महानंदा मागे सरकली. “मी नको मास्तर. माझी कंबर धरलीया सकाळपासनं.”

“आली नटवी! मावशीला उतरवू का मग? ती उतरली तर काढायला क्रेन लागंल.”

“मेल्या, तुझी आई उतरव,” गुरुबाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

महानंदाने माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी आजही मला आठवते. त्या क्षणी मात्र मला तिच्यात केवळ आळस दिसला. मास्तर पुढे म्हणाले, “पंडिताची बायको म्हणून पाटावर बसवू काय तुला?” तेव्हा सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले आणि माझे कान तापले.

“जा,” मी तिला म्हणालो. “सगळ्याच करतात. तू काही निराळी नाहीस.”

तिने पदर खोचला. खोचताना तो तिने पोटाभोवती दोन वेळा आवळून घेतला आणि ती हौदात उतरली.

हौद साधारण माणसाच्या छातीएवढा खोल होता. महानंदा अलीकडच्या बाजूला काथ्या घेऊन उभी राहिली. मास्तरांनी आधी मगभर ॲसिड एका डागावर टाकले. ते फसफसले, डाग उतरला आणि खालची फरशी दातासारखी पांढरी झाली.

“बघ! आरसा!” मास्तर हर्षाने म्हणाले. “मल्लू, धर कॅन. त्या कोपऱ्यातच ओतू सगळा.”

मी कॅनचा तळ धरला, त्यांनी तोंड धरले. गाळाच्या त्या खडकावर आम्ही तो पालथा केला.

पुढे जे झाले ते फार थोड्या वेळात झाले. गाळ उकळल्यासारखा झाला आणि त्यातून हिरवट पिवळा धूर उठला. धूर वर जातो, हा आम्हा सर्वांचा अनुभव. म्हणून मी मान मागे घेतली. परंतु तो वर आला नाही. दूध भांड्यात पसरावे तसा तो तळावरून पसरत गेला आणि महानंदाच्या कमरेपर्यंत चढला. कारखान्यात जो वास आम्हाला रोजचा होता तोच तो वास, परंतु जणू नाकात सुरी खुपसावी असा. मास्तर “आई गं” म्हणत मागे कोसळले. माझे डोळे मिटले गेले.

महानंदा काठाकडे धावली, निसरड्या फरशीवर घसरली आणि तळावर पसरलेल्या त्या फसफसणाऱ्या ॲसिडातच बसली. तिचे खोकणे मला ऐकू येत होते. मग ते ऐकू येईनासे झाले.

मी आत उडी मारली की पडलो, हे मला सांगता येणार नाही. तिच्या काखेत हात घातल्याचे आठवते. वरून कोणीतरी तिचे दंड ओढले, कोणीतरी माझे. आम्हाला अंगणात आणून टाकले तेव्हा माझ्या छातीवर कोणी जाते ठेवले आहे असे वाटत होते. मी ओकलो. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आणि त्या धारांतून मला दिसले, की महानंदा जिवंत आहे, बसली आहे, तिचे ओठ निळसर झाले आहेत आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्यातून बासरी फुटावी तसा आवाज येत आहे.

समोरच्या प्रसूतिगृहातल्या सुलोचना सिस्टर आरडाओरडा ऐकून धावत आल्या. त्यांनी प्रथम आम्हाला अंगणातून उचलून गोदामाच्या उंच ओट्यावर, वारा येत होता त्या बाजूला न्यायला लावले. “खाली बसवू नका कुणाला! तो वायू खालीच साचतो! रिक्षा बोलवा कुणीतरी!” मग त्या महानंदापाशी वाकल्या आणि त्यांनी तिच्या पदराला हात घातला.

“हिचे कपडे काढा आधी. सगळं कपड्यांत मुरलंय. अंगावर आहे तोवर ती तेच ओढत राहणार छातीत. पाणी आणा, भरपूर.”

महानंदाने दोन्ही हातांनी पोटाशी पदर कवटाळला.

“नको,” ती म्हणाली. “घरी… न्या… मला.”

“अगं, घरी पोचायची नाहीस तू! सोड.”

“नको. पाया… पडते.”

सिस्टरांनी जोर केला. महानंदाने गुडघे पोटाशी घेतले आणि ती अंगाचा मुटका करून पडली. तिला श्वास मिळत नव्हता, तरी त्या हातांत एवढे बळ कोठून आले होते हे मला समजेना. भोवती पुरुष होते. कोणी मान फिरवली होती, कोणी नव्हती.

“लाजती पोरगी,” कोणीतरी म्हणाले. “एवढ्या गड्यांपुढं कशी काढंल?”

“लाज धरू नकोस गं बाई, जीव धर!” सिस्टर ओरडल्या. “नवरा कुठाय हिचा? सांग तिला!”

मी तिच्यापाशी सरकलो. “महानंदा, ऐक. सोड पदर,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. आणि येथे मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. लज्जा हा स्त्रीचा अलंकार आहे, असे मी अनेक पुस्तकांतून वाचले होते. त्या अवस्थेतही, माझी पत्नी गुदमरत असताना, माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात अभिमानाची लहर उठून गेली. मरणाच्या दारातही हिने कुलीनता सोडली नाही, असे मला वाटले. दुसऱ्यांदा तिला ‘सोड’ म्हणताना माझा स्वर मऊ पडला होता.

गुरुबाई मात्र पळत घडी खात्यात गेली आणि तेथून न कापलेल्या टॉवेलांचा अखंड तागा खांद्यावर टाकून फरफटत घेऊन आली.

“गड्यांनो, इकडं या सगळे! पाठ करून उभे ऱ्हावा. धरा ह्ये. डोकं वळवलं तर डोळं फोडीन एकेकाचं!”

हमाल आले, माग दुरुस्त करणारे आले, फाटकावरचा वॉचमन आला. ओट्यावर चढून, कडेकडेने पाठमोरे उभे राहून त्यांनी तो तागा छातीपासून गुडघ्यापर्यंत सोडला. निळ्या काठाचे टॉवेल, एकाला एक जोडलेले, अशी भिंत आमच्याभोवती उभी राहिली. भिंतीपलीकडे कोणी खोकत होते, कोणी देवाचे नाव घेत होते. परंतु एकही मान वळली नाही.

“पाणी कुठाय?” सिस्टर म्हणाल्या.

पाणी नव्हते. ज्या पाण्याअभावी हे सारे घडले ते आताही नव्हते. तेव्हा समोरच्या चाळीतल्या बायका आल्या. डोईवर हंडे, कमरेवर कळश्या. नळाला अजून दोन दिवस पाणी येणार नव्हते आणि त्यांच्या घरांत पिण्याचे म्हणून जे साठवले होते ते त्या घेऊन आल्या. भिंतीवरून हात आत येत आणि हंडे ठेवून परत जात. चेहरे मला दिसलेच नाहीत, केवळ बांगड्या दिसल्या.

“तुम्ही धरा हिला, बसती करा,” सिस्टर मला म्हणाल्या. “हात सोडवा तिचे.”

मी तिची बोटे एकेक करून सोडवली. तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला. मग तिला खोकल्याची उबळ आली, तोंडाला गुलाबी फेस आला आणि हात आपोआप सैल पडले. गुरुबाईने पातळ ओढून काढले.

पातळाखाली, परकराच्या नाडीपासून छातीपर्यंत, तिच्या अंगाभोवती निळ्या काठाचे नवे कोरे टॉवेल घट्ट गुंडाळलेले होते. पिनांनी अडकवलेले. ते त्या विषारी पाण्याने ओथंबले होते, आणि सिस्टरांनी ते सोडवताच असा भपकारा आला की आम्हा तिघांनाही तोंड फिरवावे लागले. खालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती.

“हे काय आहे?” सिस्टरांनी विचारले.

मी गुरुबाईकडे पाहिले. आमच्या कारखान्यात सुटीच्या वेळी फाटकावर सर्वांची झडती होई. पुरुषांची वॉचमन घेई. बायकांची गुरुबाई घेई. गुरुबाईच्या हातून एक रुमाल गेला असता, तरी जाब तिलाच द्यावा लागला असता. तिने त्या टॉवेलांकडे पाहिले, मग महानंदाच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे. आणि भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“पट्टा हाय वं सिस्टर, कंबरंचा! कंबर धरलीया पोरीची. मीच बांधला दुपारी.”

एवढे बोलून तिने ते टॉवेल पातळात गुंडाळले, ओट्याखाली लोटले आणि पहिला हंडा महानंदाच्या डोक्यावर ओतला.

हंड्यामागून हंडा तिच्या अंगावरून वाहून ओट्याखाली गेला. लोकांच्या घशाचे ते पाणी होते. मी तिला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. वर पाहण्याचे धैर्य मला नव्हते. समोर निळे काठ होते, आणि तिच्या अंगावरून सोडवलेले काठही निळेच होते.

टॉवेल कशासाठी होते, हे मला कोणाला विचारावे लागले नाही. ते मला त्याच क्षणी कळले होते.

महानंदाला पाहायला मी तिच्या गावी गेलो तेव्हा तिचे वडील सिद्रामप्पा यांनी विचारले होते, “कामाला काय म्हणून हाय तुमी?” तेथे पंचमंडळी बसली होती, दुसऱ्या एका स्थळाची चर्चा कानावर आली होती, आणि मी हौदात पावडर कालवणारा माणूस होतो. मी म्हणालो, “रसायन विभाग पाहतो.” आणि तेवढ्यावर न थांबता म्हणालो, “कारखान्यात आम्हाला मान आहे. दर दसऱ्याला शेठजी आपल्या हाताने आम्हाला टॉवेल देतात.” शेठजींनी कोणाला कधी चिंधीही दिली नव्हती. सिद्रामप्पा मात्र खुलले. “दसऱ्याचा टॉवेल जावयाच्या कारखान्याचा! खांद्यावर टाकून शिलंगणाला जाईन मी!”

विवाहानंतरच्या पहिल्या दसऱ्याला महानंदा माहेरी निघाली तेव्हा तिच्या पिशवीत दोन टॉवेल होते. मी विचारले, “हे कोठून आले?” ती म्हणाली, “तुमीच म्हणाला व्हता न्हवं, कारखाना देतो म्हणून.” ती हसत होती. मीही हसलो. कोठून तरी विकत घेतले असतील, पगारातून वाचवले असतील, असे मी ठरवून टाकले. माझा शब्द राहिला होता. मी पुन्हा विचारले नाही.

सिव्हिल हॉस्पिटलात तिला प्राणवायू लावला. संध्याकाळी तिला जरा बरे वाटले आणि मी निश्चिंत झालो, तर डॉक्टर म्हणाले, “इतक्यात हसू नका. हा वायू उशिरा डाव साधतो.” आणि तसेच झाले. त्या रात्री तिची छाती पाण्याने भरली. दोन दिवस ती ना या जगाची होती, ना त्या. इरण्णा मास्तर पलीकडच्या वॉर्डात होते. ते दुसऱ्या दिवशी भिंत धरून आले, पायाशी उभे राहिले आणि परत गेले.

गुरुबाई डबा घेऊन आली. व्हरांड्यात मी तिचे पाय धरायला वाकलो तर तिने मला बखोटीला धरून उठवले.

“मावशी, तू…”

“गप. लोक काय बोलत्यात ठावं हाय का? म्हणत्यात, पोरीनं जीव देऊ केला पण पदर दिला न्हाई. शेठाणीबाई साडी पाठवणार हायत तिला.” मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “तुला ठावं व्हतं?”

“नाही.”

“मागल्या साली?”

मी तिच्या हातातल्या डब्याकडे पाहू लागलो.

“मी पोटाला हात लावत न्हाई झडतीत, कोण पोटुशी आसंल म्हणून,” गुरुबाई म्हणाली. “इचार तिला, लावायला पाहिजे व्हता का,” आणि डबा माझ्या हातात देऊन निघून गेली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, “कपडे काढायला उशीर का झाला?” मी म्हणालो, “लाजली.” डॉक्टर हताशपणे म्हणाले, “तेवढ्या उशिरानेच घात केला. छातीला चिकटून होतं सगळं.”

तिसऱ्या दिवशी सिद्रामप्पा गावाहून आले. पांढरे धोतर, पांढरा पटका आणि खांद्यावर निळ्या काठाचा टॉवेल. गेल्या दसऱ्याचा. तो त्यांनी अजून नव्यासारखा जपला होता. मुलीला पाहून त्यांचा चेहरा पिळवटला. परंतु पुरुषाने दवाखान्यात रडू नये म्हणून ते शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलू लागले.

“ही माझी ल्येक. हे जावई. कारखान्यात मोठं काम हाय त्यांचं. ह्यो टॉवेल बघा, कसा मऊ हाय लोण्यावानी! दर दसऱ्याला शेठ सोताच्या हातानं देतो.”

मग ते माझ्याकडे वळले. “यंदा हे असं झालं म्हणून ऱ्हायलं आसंल, नाही का जावईबापू?”

महानंदाच्या तोंडावर प्राणवायूची वाटी होती. तिला बोलता येत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली, ओट्यावर हलवली होती तशीच.

“होय मामा,” मी म्हणालो. “राहिले.”

सिद्रामप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, वाटी जराशी उचलून त्याच्या टोकाने लेकीच्या ओठांच्या कडेचा फेस अलगद टिपला आणि तो पुन्हा घडी घालून खांद्यावर ठेवला.

महानंदा वाचली. परंतु तिच्या छातीतली ती बासरी कायमची राहिली. फोडणी द्यायची तर तिला अंगणात जावे लागे. उदबत्ती आमच्या घरातून गेली. फरशी पुसण्याचे कुठले औषध शेजारच्या घरी उघडले तरी ती भिंतीला टेकून उभी राही. आवाज घोगरा झाला. लग्नात ती उखाणा घेत होती तो आवाज मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही. कारखान्यात ती परत गेली नाही. त्या दिवसाविषयी आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही. शेठाणीबाईंची साडी आली, ती तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

पुढचा दसरा आला. मी बाजारातून, दुकानातून, दोन टॉवेल विकत घेतले आणि आम्ही तिच्या गावी गेलो. वर्षभर माझ्या मनावर एक ओझे होते. खऱ्याने माणूस हलका होतो, असे मी वाचले होते, आणि मला हलके व्हायचे होते.

सिद्रामप्पांनी टॉवेल हातात घेतला, अंगठ्याने चोळून पाहिला.

“यंदाचं सूत जरा रोड हाय, जावईबापू. कारखाना बदलला काय?”

“मामा,” मी म्हणालो, “तुम्हाला एक सत्य सांगायचे आहे. हे मी विकत आणले आहेत. कारखाना कोणाला टॉवेल देत नाही. कधीच देत नव्हता. मी तुमच्यापुढे मोठेपणा मिरवण्यासाठी असत्य बोललो होतो. मला क्षमा करा.”

हे वाक्य मी रस्ताभर मनात घोळवीत आलो होतो. ते उच्चारताच मला खरोखर हलके वाटले. सिद्रामप्पा रागावतील, कदाचित हसतील, अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी त्यातले काहीच केले नाही. खुंटीवर त्यांचा जुना टॉवेल होता, त्याकडे ते पाहत राहिले. मग फार सावकाश म्हणाले,

“मग हे… हे कुठनं आणलं व्हतं तिनं?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या वाक्यात नव्हते. हा प्रश्न येईल हेच माझ्या ध्यानात आले नव्हते. सिद्रामप्पांची मान हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. तेथे महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने सारे ऐकले होते. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिले. केवळ तिचा श्वास ऐकू येत होता.

म्हाताऱ्याने खाली पाहिले. मग उठून खुंटीवरचा टॉवेल काढला, त्याची चौकोनी घडी केली आणि फडताळात, कपड्यांच्या अगदी खाली सरकवून दिली. संध्याकाळी ते शिलंगणाला गेले तेव्हा त्यांचा खांदा मोकळा होता. पुढे ते सात वर्षे जगले. त्यांच्या खांद्यावर पुन्हा टॉवेल मी पाहिला नाही.

परतताना आम्ही एस.टी.च्या थांब्यावर उभे होतो. महानंदाने धुळीमुळे पदर नाकाशी धरला होता. मी म्हणालो, “माझ्या मनात तुला दुखवावे असे नव्हते. मला केवळ खरे सांगायचे होते.”

“ठावं हाय,” ती म्हणाली.

लांबून गाडी येताना दिसली. तिने श्वास गोळा केला. वाक्य पुरे करायला तिला आता दोनदा थांबावे लागत असे.

“त्या दिशी ओट्यावर… जीव चालला व्हता माझा, तरी मी पदर सोडला न्हाई. तुमचा शबूद बाबांपुढं ऱ्हावा म्हणून.” ती थांबली, खोकली. “तुमाला… एक वाक्य धरवलं न्हाई?”

गाडी आमच्यापुढे येऊन थांबली. मी पिशवी उचलली. ती माझ्या आधी चढली, आणि दोन जणांच्या बाकावर न बसता एकट्याच्या जागेवर, खिडकीकडे तोंड करून, बसली.